साठ शब्दांत

मार्चअखेर अंक छापायला जातो,
म्हणून फेब्रुवारीभर माझ्या टेबलावर माणसं येऊन पडतात,
एकेका दशकाचं एकेक खोकं.
ब्रॅडफर्डला पाचाच्या आत अंधारतं. हीटर खोकतो.
नियम एकच : माजी विद्यार्थ्याला साठ शब्द.
बढती, लग्न, नातवंडं, पुरस्कार.
नावापुढे कंसात पदवीचं साल.

हॅरल्ड अ‍ॅकरॉइड, सत्तावन्न सालचा, लोकर विभाग,
निळ्या शाईत चार पानं लिहितो.
ज्या मागावर तो शिकला तो आता म्युझियमात आहे
आणि दर गुरुवारी हा तिथं जातो, बिनपगारी,
शाळेच्या पोरांना माग चालवून दाखवायला.
'त्याचा खडखडाट माझ्या कानांत असा बसलाय
की हाक मारली तरी मला ऐकू येत नाही, असं डोरीन म्हणायची.'
म्हणायची.
चार पानांत ती गेल्याची बातमी कुठंच नाही,
आहे ती एवढ्या एका क्रियापदात.
मी कात्री खाली ठेवते.

मॉरीन सग्डेन, एकाहत्तर, खुलासा पाठवते :
'गेल्या अंकात तुम्ही मला मारलंत. ती दुसरी मॉरीन.
फुलं मात्र सुरेख होती. परत करू का?'

कुमासीहून क्वाबेना ओफोरी, चौऱ्याऐंशी :
रंगांचा कारखाना, तीन मुली,
धाकटीचं नाव एडना,
एका हिवाळ्यात भाडं न मागितलेल्या
लिस्टर हिल्सच्या घरमालकिणीवरून.
एडनाला हे नाव अजिबात आवडत नाही, तेही कळवलंय.

आणि ज्युलियन फेअरक्लफ, त्र्याण्णव.
हा दर वर्षी न चुकता यायचा :
सहायक, उपसंचालक, संचालक, सिंगापूर,
होडी, होडीचं नाव, मुलांच्या शाळांची नावं.
यंदाच्या कार्डावर एवढंच :
पत्ता बदलला आहे.
तीन शब्द. नवा पत्ता नाही.
सत्तावन्न शिल्लक राहिले,
ते मी हॅरल्डच्या नावे टाकते.
तशी तरतूद नाही. पण बेरीज तपासतं कोण?

दोन हजारनंतरची मंडळी फोटोच पाठवतात.
नुसरत बट्ट मात्र चिठी हातानं आणून देते,
ती वरच्या मजल्यावर शिकवते, तिकीट कशाला लावायचं!
तिची आई रात्री याच खोल्या पुसायची.
'हे छापू नका,' म्हणते. जाताना दारात थांबते.
'बरं, छापा.'

एकसष्टच्या खोक्यात तळाशी दिगंबर टेंबे, इचलकरंजी.
सूतगिरणी उभी केली, बंद पडलेली पाहिली,
हे इंग्रजीत, नीट, एकोणसाठ शब्दांत.
अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात माझं नाव असतं,
ते त्यांनी भिंगातून वाचलं असणार.
कारण सहीखाली, थरथरत्या देवनागरीत :
'पोरी, तिकडे हल्ली कोथिंबीर मिळते म्हणे.
आमच्या वेळी नव्हती.'

ही बातमी कुठल्या सदरात बसवू?

माझंही एक साल आहे. दोन हजार चार, वस्त्रकला.
तीन महिन्यांपुरतं म्हणून हे टेबल धरलं,
हा एकोणिसावा फेब्रुवारी.
दर वर्षी स्वतःसाठी एक कोरं कार्ड काढते,
साल घालते, नाव घालते,
मग कुणाचा तरी फोन येतो.

आज कुणाचा आला नाही.
पार्किंगमधल्या शेवटच्या गाडीनं दिवे लावले.
पिशवीत दुपारी घेतलेली जुडी होती, देठं ओली,
सगळ्या कागदांना तिचा वास लागला होता.
मी लिहिलं, देवनागरीतच :
कोथिंबीर मिळते, काका.

छापखान्यातून डेरेक फोन करील :
एका ठिकाणी अक्षरं फुटलीत, काढून टाकू?
नको, म्हणेन. बातमी आहे ती.